उघड्या धातूवर चढलेला हिरवा

मिग-२१ भारतात आलं १९६३ साली, आणि आलं ते उघड्या अंगानं. रंग नाहीच. नुसतं ॲल्युमिनियम, उन्हात डोळे दिपवणारं. नाकातला शंकू आणि शेपटाचं टोक तेवढं हिरवं, कारण त्यांच्या आड रडार आणि अँटेना असतात आणि तिथं धातूचं झाकण चालत नाही. खूप उंचावर चढून शत्रूच्या बॉम्बफेकी विमानांवर झडप घालावी म्हणून हे विमान घडवलेलं. त्या उंचीवर लपायचं कशामागं? पण १९७१ उजाडेपर्यंत त्याच्या वाट्याला निराळी कामं आली. धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकायचे, जमिनीलगत जायचं, आणि उरलेला वेळ तळावर उभं राहायचं. वरून येणाऱ्या वैमानिकाला तिथं सगळ्यांत आधी दिसणार तो लखलखता धातू. म्हणून मग त्या चांदीवर हिरवे, मातकट, करडे रंग चढले. एका ठरलेल्या नकाशाबरहुकूम मात्र ते चढले नाहीत. बरंचसं काम तळांवर, पथकांच्या पातळीवर उरकलं गेलं. त्यामुळं त्या काळातल्या दोन मिगांचे फोटो शेजारी ठेवले तर डाग जुळत नाहीत. एकावर रुंद, ढगाळ ठिगळं. दुसऱ्यावर अरुंद, वाघाच्या अंगावर असावेत तसे पट्टे. कुठं हिरव्याची कड चाकूनं कापल्यासारखी, कुठं ती हळूहळू धातूत विरून गेलेली.

जळगावात घराच्या मागच्या खोलीत बसून मी त्यातलंच एक मिग रंगवतो आहे. प्रमाण १/७२. म्हणजे खऱ्या विमानाच्या प्रत्येक मापाला बहात्तरानं भागायचं. पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, तो इथं दहा सेंटिमीटरही भरत नाही. आणि सबंध विमान एका वीतेत मावतं. याच विमानाचा ध्यास का, याचं कारण आमच्याकडं सरळ आहे. धुळ्याहून आग्रा रोड धरला, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव मागं टाकलं की ओझर येतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथं १९६४ मध्ये उभा राहिला. आधी रशियाहून आलेले भाग जोडून आणि पुढं इथंच सगळं घडवून मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस हे तीन प्रकार मिळून सहाशेच्या वर विमानं तिथून बाहेर पडली. आयटीआय करून ओझरला चिकटलेला एखादा तरी माणूस आमच्या नात्यागोत्यात निघतोच. लग्नाकार्यात त्यांची ओळख अजून ‘मिगवाले’ अशीच करून दिली जाते. तेव्हा हे विमान मला रशियन वाटतच नाही.

कॅमोफ्लाज रंगवणं म्हणजे दोन-तीन रंगांची सरमिसळ, असा बघणाऱ्याचा समज असतो. करणाऱ्याला ठाऊक असतं की निम्म्याहून जास्त वेळ रंग कुठं जाऊ नये हे ठरवण्यात जातो. विमानाचे दोन अर्धे जोडून झाले, सांध्याला लांबी भरून वॉटर पेपरनं घासून गुळगुळीत केलं, करड्या प्रायमरचा हात दिला, की खरं काम सुरू होतं. आधी पोटाचा फिका रंग. तो वाळला की टेपनं झाकायचा. मग पाठीवर मातीचा रंग. तोही वाळला की जिथं माती राहायला हवी तेवढी झाकायची आणि उरलेल्यावर हिरवा फवारायचा. सगळ्यात शेवटी टेप निघते. तोवर आपण केलंय काय हे करणाऱ्यालाही पुरतं दिसत नसतं. विमान पिवळ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं गाठोडं होऊन बसलेलं असतं.

टेपची मूळ कड कधीच वापरू नये. रिळाच्या कडेला धूळ आणि धागे चिकटलेले असतात. आणि आमच्याकडं दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की कापसाचा बारीक तंतू हवेत तरंगतच असतो. टेप आधी काचेवर चिकटवायची, पोलादी पट्टी ठेवून नव्या ब्लेडनं तिची दीड-दोन मिलिमीटरची चिरोटी कापायची. इतकी अरुंद टेप वळणावर मुडपत नाही. तिनं डागाची कड आखून घ्यायची आणि आतली जागा रुंद टेपनं भरायची. पंख धडाला मिळतो त्या खाचेत टूथपिकच्या बोथट टोकानं टेप दाबत जायचं. तिथं केसाएवढी फट राहिली तरी हिरवा आत शिरतो. यावर सगळ्यांत चांगला उपाय असा की, हिरव्याच्या आधी टेपच्या कडेवरून मातीच्याच रंगाचा एक विरळ हात मारायचा. जे काही आत झिरपायचं ते मातीत मातीच झिरपतं, फट बुजते, आणि मग हिरव्याला वाट उरत नाही. ही युक्ती कळली की हात एकदम निर्धास्त होतो.

टेप काढायची कधी, हे मात्र मी धुळ्याला शिकलो. माझं आजोळ तिथलं. आग्रा रोडला लागून डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं आहेत. त्यातल्या एका गॅरेजात ट्रकच्या केबिनी रंगवणारे एक म्हातारे पेंटर होते, सगळे त्यांना नाना म्हणत. काचांना वर्तमानपत्र, चाकांना बारदान, आणि दोन रंगांच्या मधल्या पट्ट्याला टेप. केबिनवर फवारा मारताना शेजारी ठेवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावरही ते दोन हात मारत. रंग किती वाळला हे बघायला बोट लावत ते त्या तुकड्याला, ट्रकला नाही. बोटाला रंग लागू नये, पण बोटाचा ठसा मात्र उमटावा, अशी ती वेळ. तेवढ्यात टेपचं एक टोक धरून, ती स्वतःवरच जवळजवळ उलटी दुमडून, संथपणे ओढत न्यायची. “रंग पुरा वाळी गया ते टेप रंगले संगे लई जास, भो,” ते म्हणाले होते. मॉडेलच्या रंगांनाही हे तंतोतंत लागू आहे. आता माझ्याही टेबलावर विमानाशेजारी प्लॅस्टिकचा एक तुकडा असतोच, आणि बोट त्यालाच लागतं. फक्त नानांचं एनसी थिनर इथं चालत नाही. मॉडेलचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात विरघळतं, पंखावरच्या बारीक रेषा क्षणात पुसून जातात.

एकदा मी त्यांना त्या काळातल्या मिगचा मोठा छापलेला फोटो दाखवला. तोपर्यंत मी त्या फोटोत डागांचे आकार बघत होतो. नानांनी आकारांकडं पाहिलंच नाही. पाठीवरच्या एका हिरव्या डागावर बोट ठेवून म्हणाले, “हाई दूरथून मारेल शे.” मग पंखाच्या मुळाशी, जिथं कड जरा घट्ट होती तिथं बोट नेऊन, “अन हाई जोडे जाईसन.” विमानाच्या पाठीवर हात पोचत नाही, म्हणून शिडीवरून लांबून फवारा, पंख छातीच्या उंचीवर, म्हणून जवळ उभं राहून. रंग मारणारा माणूस कुठं उभा होता, त्याचा हात कुठं आखडला आणि कुठं मोकळा सुटला, हे त्यांना त्या कडांवरून वाचता येत होतं. त्या दिवसापासून मी कॅमोफ्लाजकडं नमुना म्हणून बघायचं सोडलं. तो कुणाच्या तरी हाताचा माग आहे. हवाई दलातला कुणी कर्मचारी, ज्याचं नाव विमानावर कुठंच नाही, युद्ध तोंडावर आलेलं असताना शिडीवर चढला आणि त्यानं ती रेषा ओढली. त्याची रेषा मला बहात्तरपट लहान करून पुन्हा ओढायची आहे. माझ्यासाठी या छंदाचं सगळं मोल तिथं आहे.

आणि इथंच टेप कमी पडते. खऱ्या विमानावर फवाऱ्याची कड समजा सात सेंटिमीटरभर विरलेली आहे. १/७२ मध्ये ती एक मिलिमीटरही भरत नाही. नुसती टेप लावली तर कड करकरीत येते, म्हणजे खऱ्या विमानावर कुणी पट्टी लावून रंगवल्यासारखी. टेप न लावता एअरब्रश हातानं चालवला, तर कितीही बारीक नोझल असलं, अगदी ०.२ मिलिमीटरचं, तरी विरलेली कड दोन मिलिमीटरच्या आत क्वचितच येते. खऱ्या मापात ती चौदा सेंटिमीटरांच्या वर झाली. दोन्ही खोटं. यातून वाट अशी की रंग अडवणारा मास्क विमानाला चिकटवायचाच नाही, जरासा अधांतरी ठेवायचा. पांढरी चिकट पुटी मिळते, पोस्टर लावायला वापरतात ती. बोटवे वळावेत तशा तिच्या बारीक वळ्या करायच्या आणि डागाच्या कडेकडेनं मांडायच्या. वळी गोल असल्यानं तिची कड पृष्ठभागापासून किंचित वर राहते, आणि फवारा तिच्याखाली जेमतेम डोकावतो. एअरब्रश मात्र बरोबर काटकोनात हवा. तो कलला की एका बाजूची कड पसरते आणि दुसरीकडची कापल्यासारखी येते. मी आता फोटोतली प्रत्येक कड बघून ठरवतो: नानांच्या भाषेत ‘दूरथून’ असेल तिथं जाड वळी, ‘जोडे’ असेल तिथं बारीक, आणि जिथं ब्रशनं ओढल्यासारखी दिसते तिथं सरळ टेप.

रंग कोणता, हा प्रश्न त्याहून अवघड. डबीवर नाव असतं, क्रमांक असतो, पण डबीतला गडद हिरवा जसाच्या तसा मारला की विमान काळवंडलेलं दिसतं. कारण अंतराचं आहे. साधारण फुटावरून मी हे मॉडेल बघतो, तेव्हा खरं विमान बहात्तर फुटांवर उभं असावं तितकं ते मला दिसतं. मधल्या तेवढ्या हवेनं रंग फिका होतो, करड्याकडं झुकतो. हे ज्याला पटत नसेल त्यानं लळिंगच्या किल्ल्यावर चढून बघावं. पायथ्याचं कुरण वेगळं, त्याच जातीची झाडं दोन कोसांवर वेगळी, आणि क्षितिजाशी हिरवा रंग उरतच नाही. म्हणून डबीतल्या हिरव्यात थोडा पांढरा, थोडा फिका करडा मिसळावा लागतो. किती, ते पुस्तक सांगणार नाही. ते डोळ्यानंच ठरवावं लागतं, आणि डोळा तयार होतो तो जमीन बघून.

आमची जमीन त्यासाठी फार चांगली शाळा आहे. यावल-चोपड्याच्या बाजूला सातपुड्याच्या पहिल्या टेकाडांवर चढून तापीकडं तोंड केलं की केळीचे मळे टेपनं आखल्यासारखे दिसतात. बांधाला बांध लागून, कड सरळ. त्यांच्या मधून वाहणाऱ्या नाल्यांच्या काठची झुडपं मात्र पसरत, विरत जातात. कठीण आणि मऊ, दोन्ही कडा एकाच नजरेत. नांगरलेली काळी कपाशीची जमीन ओली असते तेव्हा जवळजवळ निळसर काळी, आणि उन्हं लागून ढेकळं सुकली की राखाडी. केळीचं पान वरून गडद आणि तकतकीत, पण वाऱ्यानं उलटलं की खालची बाजू फिकी, भुरकट. मळ्यात शिरलेला वाऱ्याचा झोत वरून बघणाऱ्याला आधी त्या फिकेपणातून दिसतो.

वरून गडद आणि खालून फिकं ही रीत पाखरांत आणि माशांतही आहे. ॲबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं १८९६ मध्ये तिचं कारण मांडलं. ऊन वरून पडतं, पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. पाठीला गडद आणि पोटाला फिका रंग असला की उजेड-सावलीची ती बेरीज शून्यावर येते, प्राण्याचा गोलवा हरवतो आणि तो सपाट होऊन मागच्या दृश्यात मिसळतो. विमानाच्या पोटाला फिका निळा किंवा करडा देतात तो याच हिशेबानं, शिवाय खालून बघणाऱ्याला मागं आकाश असतं. माळावरची पखुर्डी उडेपर्यंत दिसत नाही, आणि टिटवी आपली अंडी उघड्या मुरमावर टाकून निर्धास्त असते, कारण अंड्यांवरचे डाग त्या मुरमाचेच. पहिल्या महायुद्धात १९१५ साली फ्रान्सनं सैन्यात कॅमोफ्लाजचा स्वतंत्र विभाग उभारला, तेव्हा त्याच्या प्रमुखपदी गिराँ द सेव्होला हा चित्रकारच होता. मला हे फार रास्त वाटतं. लपवण्याचं काम ज्यांना दिसण्याची जाण आहे त्यांच्याकडंच जायला हवं.

पण पखुर्डी एकाच माळावर जन्मते आणि मरते. विमानाचं तसं नसतं. १९७१ च्या डिसेंबरात एकाच पंधरवड्यात मिग-२१ ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीवर बॉम्ब टाकत होती, १४ डिसेंबरला तिथल्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं सोडत होती, आणि १२ डिसेंबरला जामनगरजवळ कच्छच्या आखातावर पाकिस्तानच्या स्टारफायटरशी झुंजत होती. बंगालची ओली हिरवळ, पंजाबात नुकता उगवलेला गहू, राजस्थानची वाळू, समुद्राचं पाणी. एका रंगात हे सगळं मावणं शक्यच नाही. त्यामुळं कॅमोफ्लाज म्हणजे एक अंदाज असतो: या ऋतूत, या जमिनीवर आपल्याला लढावं लागेल असा. शिडीवरच्या त्या माणसाला हा अंदाज आपल्या तळाभोवतीची शेतं बघून बांधावा लागला असेल, असं मला मनापासून वाटतं.

रंगकामाला खानदेशची हवा सोपी नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा ॲक्रिलिकचा थेंब नोझलपासून विमानापर्यंत पोचेतो वाळतो, आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सुईच्या टोकावर रंगाची गुठळी धरते. तेव्हा काम पहाटेच करायचं, रंगात वाळण्याचा वेग कमी करणारं रिटार्डर घालायचं, दाब पंधरा पीएसआयच्या आसपास ठेवायचा. पावसाळ्यात उलट. हवेतली ओल लॅकरमध्ये अडकते आणि वर दुधी झाक येते. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला, फक्त तो कापसाचा तंतू सांभाळायचा. रंगही हवे ते दुकानात मिळत नाहीत. ज्वलनशील रंग कुरियरवाले सहसा घेत नाहीत, म्हणून बरंचसं काम स्टेशनरीच्या दुकानातल्या कॅम्लिनच्या ॲक्रिलिकवर भागवावं लागतं. त्यातले पिवळा, काळा, थोडा तांबडा असे मिसळून मातकट हिरवा चांगला साधतो. बाहेरच्या महागड्या बाटलीतल्यापेक्षा तो मला जास्त आवडतो, कारण तो समोरच्या बांधावर नेऊन ताडून बघता येतो.

घाईत उघड्या धातूवर चढलेला रंग टिकत नाही. जिथं माणसं चढतात-उतरतात, पंखाच्या मुळाशी, कॉकपिटच्या कडेला, तिथं तो सुटतो आणि खालची चांदी डोकावते. हे दाखवायला स्वयंपाकघरातलं मीठ लागतं. आधी सबंध विमान ॲल्युमिनियमच्या रंगात रंगवायचं. मग पंखाच्या मुळाशी ब्रशनं पाण्याचं बोट फिरवायचं आणि त्यावर खलबत्त्यात भरडलेलं खडेमीठ चिमटीनं सोडायचं. सारखं पसरायचं नाही. पाऊल पडेल तिथं दाट, कडेला विरळ. पाणी सुकलं की कण जागच्या जागी बसतात. त्यावरून माती आणि हिरवा फवारायचा. रंग वाळल्यावर ओल्या बोटानं चोळलं की मीठ विरघळतं, आणि प्रत्येक कणाच्या जागी वाकडीतिकडी चांदी उघडी होते. कोणताही ब्रश इतकी अनियमित खूण काढू शकत नाही, कारण हात नकळत लय धरतो. मीठ ती धरत नाही. रंगाच्या खाली मूळचं विमान शिल्लक आहे हे तिथं डोळ्यांना दिसतं. पंख फिरवून ते उजेडात बघताना मला दर वेळी आनंद होतो.

पुढं हवाई दलाची बहुतेक लढाऊ विमानं करडी झाली. आता सामना मैलोगणती अंतरावरून, रडार आणि क्षेपणास्त्रांनी होतो. डोळ्यांपुरतं बोलायचं तर मागं शेत नसतं, आकाश असतं. ओझरलाच बनलेलं सुखोई-३० तसंच करडं. त्या जातीच्या विमानातून २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगावहून राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी उड्डाण केलं. प्रतिभाताई बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या. जी-सूट घातलेला त्यांचा फोटो जळगावात कित्येक घरांनी जपून ठेवला आहे. ते विमानही मी केलं आहे, अभिमानानं केलं आहे. पण त्यावर मास्किंगला फार वाव नाही. एक करडा, जरा वेगळा दुसरा करडा, आणि बाकी तपशील. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला, जिथं ते पहिल्यांदा हवाई दलात दाखल झालं होतं तिथंच, मिग-२१ निवृत्त झालं. पुढच्याच महिन्यात ओझरहून, तिथंच बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तेही करडं.

मिगच्या वैमानिकांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. मिगवर तो हिरवा चढवणारे हात पुस्तकांत क्वचितच भेटतात. १९७१ च्या सुमारास ओझरला कामाला लागलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तळांवर शिड्या लावलेले हवाई दलाचे निवृत्त कर्मचारीही त्याच वयाचे. त्यांना आत्ता विचारायला हवं. फवारा होता की ब्रश? आधी खडूनं कड आखत होतात का? हिरव्यात काय मिसळत होतात? डाग कुठं वळवायचा हे कोण सांगायचं, साहेब की तुम्हीच? चाकं आणि काच कशानं झाकत होतात? फाल्गुनात नात्यातलं एक लग्न ओझरला आहे आणि तिथं दोन-तीन मिगवाले नक्की येणार. नानांना दाखवला होता तो फोटो आणि हे मॉडेल मी बरोबर नेतो आहे. उजव्या पंखावर तिन्ही रंग चढले आहेत. डावा अजून नुसता चांदीचा आहे. त्यावरचा हिरवा त्यांच्याशी बोलून झाल्यावरच मारायचा.